शाडूचा हात

१

शाडूच्या बोटांना हाड नसतं. कोयता पडला की ती आवाज न करता तुटतात. त्या संध्याकाळी काळाचौकीच्या व्यायामशाळेत आवाज आला.

तो सगळ्यांच्या आधी बुधाजीनं ऐकला, कारण कोयता त्याच्याच हातात होता. डोक्यावर जल्लादाचा काळा बुरखा, समोर सिंहासन, आणि सिंहासनावर छातीशी पट्ट्यानं बांधलेलं पोप फॉर्मोसस याचं प्रेत. म्हणजे प्रेताचं सोंग घेतलेला शामराव. नाटकाची रंगीत तालीम चालू होती. नवा पोप झालेला मनमोहन गळ्याच्या शिरा ताणून ओरडला, "ज्या तीन बोटांनी यानं रोमला आशीर्वाद दिले ती तोडा!" आणि बुधाजीनं घाव घातला.

एक बोट उडून पुढच्या सतरंजीवर पडलं. तिथं व्यायामशाळेचे अण्णा वस्ताद मांडी घालून बसले होते, त्यांच्या गुडघ्याशी. नखात तंबाखूचा चुना अडकलेला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय देखावा केलाय, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. मग बुधाजीनं बुरखा काढून फेकला आणि तो गुरासारखा हंबरला. मनमोहननं धावत जाऊन प्रेताचा उंच मुकुट उचलला. पांढऱ्या रंगाखाली शामरावाचा चेहरा काळानिळा झाला होता. डोळे उघडे होते आणि गळा सुजला होता. बोटं तुटलेल्या हातातून रक्त जेमतेम ठिबकत होतं.

पोलिस आले तेव्हा बुधाजी कोयता हातात धरून तसाच उभा होता. आठवड्यापूर्वी भर नाक्यावर त्यानं शामरावाला दम दिला होता, "तुझे हात तोडीन!" ते ऐकणारे साक्षीदार पैशाला पासरी होते.

२

ठाकूरद्वारच्या हेरंबराव धैर्यवानांना सकाळी चहाआधी कुणी भेटायला आलेलं खपत नसे. फौजदारी वकिलीत केस पांढरे झाले होते, स्वभाव मात्र हिरवी मिरची. पण दारात पुतण्या मनमोहन उभा होता, आणि त्याच्यामागं पदर तोंडाशी धरलेली एक बाई.

"काका, ही चंपा. बुधाजीची बायको."

"बसा. आणि रडायचं असेल तर आत्ताच रडून घ्या. नंतर मला बोलू द्या."

चंपानं डोळे पुसले. "रडाया येळ न्हाई सायेब. त्याला फाशी देत्याल. त्यानं गळा दाबला न्हाई. मागल्या साली पोलिसांनी त्याच्या बरगड्या मोडल्या, तेव्हापासून त्याला डावा हात वर न्हाई करता येत. त्यो शामरावासारख्या पैलवानाचा गळा कसा दाबंल?"

"हे कोर्टात सांगा आणि सरकारी वकील म्हणेल, कोयता तर वर झाला होता!" हेरंबराव तपकिरीची चिमूट ओढत मनमोहनकडं वळले. "तू बोल. हे काय थेर चाललं होतं तुमचं? गिरणगावात पोप कुठून आला?"

मनमोहन कॉलेजात इतिहास शिकवायचा. त्यानं मान खाली घालून सांगायला सुरुवात केली. नवव्या शतकात फॉर्मोसस नावाचा पोप होऊन गेला. कॅथलिकांचा सर्वांत मोठा धर्मगुरू. आधी साधा बिशप, बल्गेरियात धर्माचा प्रसार करून नाव कमावलेला. मग राजकारणात सापडला, धर्माबाहेर काढला गेला. रोममध्ये पुन्हा पाऊल ठेवणार नाही अशी शपथ त्याच्याकडून जबरदस्तीनं घेतली. पुढं दिवस पालटले, त्याला परत आणलं आणि म्हातारपणी तो पोप झाला. पाच वर्षं राज्य केलं, राजांचे मुकुट इकडचे तिकडे केले, शत्रू जमवले आणि मेला. त्याच्या मागून आलेल्या स्टीफननं त्याचं कुजलेलं प्रेत थडग्यातून उकरलं, पोपचा पोशाख चढवून सिंहासनावर बसवलं आणि शपथ मोडल्याबद्दल त्याच्यावर खटला चालवला. प्रेताच्या वतीनं उत्तर द्यायला एक पोरगेला पाद्री उभा केला. निकाल ठरलेलाच होता. आशीर्वादाची तीन बोटं तोडली आणि धड नदीत फेकलं. मग लोक खवळले. स्टीफनला तुरुंगात टाकलं आणि तिथं त्याचा गळा घोटला.

"म्हणजे मेलेल्यालाच आरोपी केलं."

"आपल्याकडं काय वेगळं होतंय, काका? संयुक्त महाराष्ट्र मागितला म्हणून पोरं गोळ्या खाऊन मेली, आणि वर त्यांनाच गुंड म्हणायचं. सरळ लिहिलं असतं तर नाटक पास झालं नसतं. रोमचं कुणाला काय कळणार?"

"बरं. खरा कोयता कशाला घेतलास, शहाण्या?"

"लाकडी कोयत्यानं माती नीट कापली जात नाही. झग्याची बाही मनगटाशी घट्ट शिवलीय. लालबागचा गणपत मूर्तिकार रोज एक ताजा शाडूचा हात करून आणतो. तो आतून बाहीत सारायचा, शामराव स्वतःचा हात छातीशी दुमडून घ्यायचा आणि मग पाठीमागं नाड्या आवळायच्या. गणपतच आवळायचा. एकट्याला जमत नाही."

"हे कधी करायचात?"

"दुसऱ्या अंकात. शामरावाचा पोप पहिल्या अंकात मरतो. दुसऱ्यात पडद्यापुढं रोमच्या लोकांचा दंगा आहे, आम्ही सगळे घसा फाडून ओरडतो. तो मागं सिंहासनावर बसून तयार होतो."

"बुधाजी त्या अंकात कुठं असतो?"

"पहारेकरी म्हणून माझ्या शेजारी उभा. पण पोलिस म्हणतात, दुसऱ्या-तिसऱ्या अंकांच्या मधे आम्ही कपडे बदलत होतो तेव्हा बुधाजी सिंहासनामागं एकटा होता. तेवढ्यात त्यानं गळा दाबला."

"आणि तो हंबरला तेव्हा पुढं कोण कोण होतं?"

"चाळीतली माणसं. अण्णा वस्ताद. तेवढंच नवल. मारुतीसमोर प्रेताचं सोंग त्यांना पटत नाही, तिसऱ्या अंकाला ते रोज बाहेर निघून जायचे." मनमोहन थांबला. "काका, आणखी एक. परवा शामराव मला म्हणाला, तिसऱ्या अंकात प्रेताला एक वाक्य दे. मी हसलो. प्रेत कसं बोलेल? तो म्हणाला, तू नाही लिहिलंस तर मी माझं बोलेन. प्रयोगाच्या दिवशी हे प्रेत बोलणार आहे."

हेरंबरावांनी तपकिरीची डबी बंद केली. "हे त्यानं आणखी कुणाला सांगितलं होतं?"



३

कोठडीत बुधाजीचा एक डोळा मिटलेला होता आणि ओठ फाटला होता. ज्यांनी मारलं त्यांनीच बसायला बाकडं दिलं होतं.

"साहेब, एकच सांगा," तो म्हणाला. "मी घाव घातला तवा तो जिता होता का?"

"डॉक्टर म्हणतात, गळा दाबल्यानं मेला. बोटं मागून तुटली."

"पण गळा मी न्हाई दाबला. कुणी दाबला, कवा दाबला, मला काय म्हाईत? नुसता बेसुद आसंल. मी तोडली तवा त्याला कळलं आसंल. तोंड बांधल्यागत झालं आसंल, वरडता आलं नसंल. रातभर मला त्योच आवाज येतो." त्यानं दोन्ही हात मांडीखाली दडपून घेतले. "फाशी द्या म्हणावं. पण ह्ये सांगा."

हेरंबरावांनी खूप खुनी पाहिले होते. सुटेन का, असं सगळे विचारायचे. हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कुणी विचारला होता.

"त्याला दम का दिला होतास?"

"मागल्या साली मोर्चाच्या आदल्या दिशी पोलिस खोलीत शिरले. थेट माझं नाव घेऊन. चंपाफुडं मला बुटांनी तुडवला. माझं नाव आतल्या माणसानं दिलं होतं. त्यो माणूस शामराव, असं मला कळलं."

"कुणाकडून?"

"वस्तादांकडून. अण्णांनीच सांगितलं. मग मी शामरावाला धरला. तो म्हणाला, चार दिस थांब बुधा, सगळं भायेर येईल. मला ती थाप वाटली."

बाहेर पडताना हेरंबराव पोस्टमॉर्टेमच्या डॉक्टरला गाठायला गेले. डॉक्टर जेवणाच्या घाईत होता.

"गळ्याचं हाड मोडलंय. दोरीचा वळ नाही, बोटांचे ठसे नाहीत. कोपराच्या खोबणीत आवळलाय. आणि हो, तोंडात तुळशीचं पान होतं. खोकला असेल."

"चावलेलं?"

"नाही. सबंध. जिभेवर ठेवलेलं."

हेरंबराव पायरीवरच थबकले. त्यांच्या वडिलांच्या जिभेवर त्यांनी स्वतःच्या हातानं असं पान ठेवलं होतं, आणि ते खोकल्यासाठी नव्हतं.

४

व्यायामशाळेच्या दारात अण्णा वस्ताद तुळशीला पाणी घालत होते. साठी उलटलेला माणूस, पण मान अजून खांबासारखी. आत हौद्यातली लाल माती, कोपऱ्यात शेंदूर माखलेला मारुती, आणि पलीकडं पोलिसांनी दोरी बांधून ठेवलेलं ते सिंहासन.

"तुम्ही त्याला सांभाळलंत म्हणे."

"बाप गिरणीत पट्ट्यात सापडून गेला तेव्हा एवढासा होता," अण्णांनी कमरेशी हात धरला. "मी अंगाला माती लावली त्याच्या. काल अग्नीही मीच दिला. त्याची आई, राधाबाई, म्हणाली, दादा, तुम्हीच त्याचे बाप."

"त्या दिवशी त्याला नाड्या कुणी बांधल्या?"

"मीच. गणपत आला नव्हता. नाक्यावर मोर्चा, पोलिसांनी रस्ता अडवलेला. पोरगा खोळंबला, म्हणून मी हात लावला."

"तेव्हा तो बोलत होता?"

"तर! पाणी दे म्हणाला, दिलं. मग डोळे मिटून बसला. प्रेत व्हायच्या आधी तो कुणाशी बोलत नसे. मी पुढं जाऊन बसलो."

"आणि शाडूचा हात? गणपत तर आला नव्हता."

अण्णांनी तांब्या खाली ठेवला. "कालच्याच हातावर भागवू म्हणाला."

"कालचा हात होता तिथं?"

"पेटीत असेल की. मी कशाला बघू?"

हेरंबरावांनी मान हलवली आणि तुळशीकडं बघितलं. रोप चांगलं तरारलेलं होतं. एका फांदीचा शेंडा नखानं खुडलेला होता.

"मारुतीला रुईची पानं लागतात ना, वस्ताद?"

"हो. तुळस माझी. गावावरनं आणलीय."

५

गणपत मूर्तिकाराचा कारखाना लालबागच्या एका चाळीच्या तळमजल्यावर होता. सगळीकडं बिनडोक्याचे गणपती. गणपत पहिल्यांदा बोलेचना. त्याचा रुसवा होता.

"मी काय सांगणार? माझ्या कामाची किंमत नाय कुणाला. पोलिसांच्या गराड्यातून ओला हात छातीशी धरून आणला. पोचलो तवा दुसरा अंक संपत होता. मागच्या दाराशी वस्ताद उभे. म्हणाले, बांधलंय मी त्याला, तो आता बसलाय, आत जाऊ नको. म्हटलं, हात? तर म्हणाले, कालच्यावर भागवतोय."

"मग?"

"मग काय! फिरलो माघारी. वस्तादांशी वाद कोण घालणार? मला वाटलं, आज घाव घालायचा नसंल, नुसतं दाखवायचं असंल."

"का वाटलं असं?"

गणपतनं त्यांच्याकडं वेड्याकडं बघावं तसं बघितलं. "अवो साहेब, कालच्या हाताला बोटं कुठं असतात? ती काल तुटली ना! रोज तुटतात म्हणून तर रोज नवा हात. मी कालचा चेचून पुन्हा मातीत मिसळला होता."

हेरंबराव मूर्तीच्या चौरंगावरच टेकले.

"तो नवा हात कुठंय?"

गणपतनं कोपऱ्यातलं ओलं फडकं सोडलं. आत हात होता. गव्हाळ रंग दिलेला, मनगटावर शीर उमटवलेली. दोन बोटं दुमडलेली आणि तीन आशीर्वादाला उभी. पाचही शाबूत होती.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी व्यायामशाळेत हेरंबरावांनी सगळ्यांना बोलावलं. इन्स्पेक्टर घड्याळ बघत होता. बुधाजीला बेड्या घालून आणलं होतं. मनमोहन आणि गणपत भिंतीशी, अण्णा हौद्याच्या काठावर. मारुतीसमोर तो शाडूचा हात ठेवला होता.

"इन्स्पेक्टर, तुमचं म्हणणं, शामराव नाड्या बांधून तयार बसला होता आणि दोन अंकांच्या मधे बुधाजीनं त्याला मारलं. असं असतं तर बाहीत हा हात असता आणि त्याचा खरा हात झग्याच्या आत छातीशी. खऱ्या बोटांना कोयता लागलाच नसता."

"आरोपीनं शाडूचा हात काढून घेतला असेल."

"कुठून? हा कारखान्यातून आला आणि कारखान्यात परत गेला. बाहीत शिरलाच नाही. आता मला सांगा, कोयता खरा आहे हे ज्याला रोज ठाऊक, तो जिवंत माणूस आपला हात बाहेर ठेवून, छातीला पट्टा बांधून गप्प बसेल? नाड्या आवळल्या तेव्हाच शामराव मेलेला होता. त्या आवळल्या दुसऱ्या अंकात, आणि दुसऱ्या अंकात बुधाजी साऱ्या चाळीच्या डोळ्यांदेखत भाला धरून उभा होता."

बेडी खुळखुळली. बुधाजी उभ्याचा खाली बसला होता.

"ज्यानं नाड्या बांधल्या त्याला या हाताची मेख ठाऊक नव्हती, कारण तिसरा अंक त्यानं कधी पाहिलाच नव्हता. मृताचा हात बाहीतून सरळ काढून सिंहासनावर ठेवला. नंतर गणपत दाराशी आला तेव्हा त्याला हात नावाची काही वस्तू असते हे कळलं आणि तोंडाला येईल ते उत्तर दिलं. कालच्यावर भागवतोय. शामराव असं बोलणंच शक्य नव्हतं. मग तो पुढं जाऊन बसला, रोज निघून जाणारा माणूस, सगळ्यांना दिसावा म्हणून. आणि ज्या बोटांना धरून चालायला शिकवलं त्यातलं एक त्याच्या गुडघ्याशी येऊन पडलं."

आता सगळे अण्णांकडं बघत होते. अण्णा हौद्यातल्या मातीकडं.

"हे अंदाज आहेत," ते जड आवाजात म्हणाले. "मी कशाला मारीन माझ्या पोराला?"

"प्रयोगाच्या दिवशी प्रेत बोलणार होतं म्हणून. बुधाजीचं नाव पोलिसांना कुणी दिलं ते शामरावाला कळलं होतं. तुम्ही ते त्याच्यावरच ढकलून मोकळे झाला होता." हेरंबराव त्यांच्यासमोर उकिडवे बसले. एरवी चढणारा आवाज आता खाली आला होता. "वस्ताद, मला फक्त एकच विचारायचंय. तुळशीचं पान ठेवलंत. पाणी कुठलं घातलंत?"

अण्णांची मान एकदम वाकली. शहरी बोलणं गळून पडलं आणि गावचं वर आलं.

"गंगाजळ खंयचा? नळाचाच घातलंय."

ते तुकड्यातुकड्यांनी बोलले. पोलिसांनी त्यांना उचललं होतं, तळव्यांवर काठ्या मारल्या होत्या. एक नाव दे म्हणाले, शामरावाचं दे. त्याच्याऐवजी त्यांनी बुधाजीचं दिलं. तो आखाड्यातला नव्हता, आपल्यातला नव्हता, पलीकडच्या बौद्धांच्या चाळीतला.

"शामूक वाचवूक दिलंय. तेकाच वाचवूक. नि तो म्हणता, अण्णा, चारचौघात सांगा, नाय तर मी सांगतंय. मागसून हात घातलंय. मीच शिकवलेलो डाव. तेका वाटला मस्करी. सोडवून घेऊक येय होता तेका, पण घेतल्यान नाय. भायेर सगळे बोंबलत होते."

"आणि बुधाजी पकडला गेला तेव्हा गप्प राहिलात. त्याचं नाव तुम्ही दुसऱ्यांदा दिलंत."

बुधाजी उठला आणि बेड्यांसकट अण्णांच्या अंगावर धावून गेला. त्या लोखंडाचा एक तडाखा म्हाताऱ्याच्या कपाळावर बसला आणि रक्ताची धार शेंदरासारखी नाकावरून उतरली. दोन शिपायांनी त्याला मागं ओढलं. अण्णांनी हात वर केला नाही. एखादा डाव चुकलेला पठ्ठ्या पडतो तसे ते हौद्यात आडवे झाले आणि लाल माती मुठीत धरून पडून राहिले.

७

कोर्टाचं काम आटोपलं तेव्हा मुद्देमाल म्हणून ठेवलेली तीन बोटं परत मिळाली. काचेच्या बरणीत, स्पिरिटमध्ये. राधाबाईनं निरोप पाठवला, बुधाजीनं आणून द्यावीत.

हेरंबराव बरोबर गेले. का गेले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. खोलीत शामरावाचा कुस्तीतला फोटो होता. शेजारचा माणूस कात्रीनं कापून काढलेला. राधाबाई जमिनीवर बसली होती. बुधाजी उंबऱ्याबाहेरच थांबला.

"आत ये."

तो आला. बरणी पुढं ठेवली, गणपतनं दिलेला शाडूचा हात शेजारी ठेवला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

"पोर अर्धवट जळलं माझं," ती म्हणाली. "हे समुद्रात सोडायचं. तू सोड."

"राधाबाय, आमी आता ह्ये मानत न्हाई. दीक्षा घेतलीया."

"तू नको मानू. मी मानते. माझ्याबरोबर नुसता चल."

ती उठली नाही मात्र. बरणीकडं बघत राहिली. मग तिनं जे विचारलं ते विचारायलाच तिनं बुधाजीला बोलावलं होतं, हे हेरंबरावांच्या तेव्हा ध्यानात आलं.

"तू तोडलीस तेव्हा त्याला दुखलं का रे?"

बुधाजीनं हेरंबरावांकडं बघितलं. कोठडीत होता तोच चेहरा होता, फक्त सुजलेला डोळा आता उघडला होता. हेरंबरावांनी नकारार्थी मान हलवली.

"न्हाई आये," तो म्हणाला. "तवा तो न्हवता तिथं."

राधाबाईनं पदर डोक्यावर घेतला आणि बरणी उचलली. शाडूचा हात बुधाजीनं उचलला, पाचही बोटं जपून, आणि दोघं जिना उतरून शिवडीच्या बंदराकडं चालू लागली.